आईचे नाव कोणत्या कागदात?

आमचे आखाडा बाळापूर आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1999 पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते आणि 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात. त्यामुळे इथल्या जुन्या घराण्यांचे कागद बहुधा उर्दूत, त्याआधीचे फारसीत नाहीतर मोडीत. वंशावळ शोधणाऱ्याची पहिली अडचण लिपीची, दुसरी सनाची. कागदावर 1340 फसली दिसले तर त्यात 590 मिळवा. 1930-31 हे वर्ष येते. तिसरी अडचण मात्र अवघड. बाप, आजा, पणजा सापडतात. आई आणि आजी सापडत नाहीत.

हे दुखणे साध्या घरांचेच नाही. जेम्स कर्कपॅट्रिक हा 1798 पासून हैदराबादच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट. खैरुन्निसा बेगम या खानदानी मुलीशी त्याचे मुस्लिम रिवाजाने लग्न झाले. मुलांची नावे साहिब आलम आणि साहिब बेगम. 1805 मध्ये ती विलायतेला गेली आणि बाप्तिस्म्यानंतर विल्यम जॉर्ज व कॅथरिन अरोरा झाली. या नावांत आजोळाची खूणही उरली नाही. जेम्सच्या मृत्युपत्रात खैरुन्निसेचे नाव आदराने येते, पण मुलांची आई म्हणून. पत्नी म्हणून नव्हे.

दुसरे उदाहरण विल्यम पामरचे. 1798 ते 1801 तो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. फैज बख्श बेगम हिच्यासोबत त्याने पस्तीसहून अधिक वर्षे संसार केला. मृत्युपत्रात तिला त्याने जिवलग सोबतीण म्हटले आहे. पत्नी हा शब्द इथेही नाही. त्यांचा मुलगा, तोही विल्यम, हैदराबादचा बडा सावकार झाला आणि 1867 मध्ये तिथेच वारला.

मग या बायका पत्नी नव्हत्या असे म्हणायचे का? मुळीच नाही. कागद ज्याने लिहिला, त्याच्या कायद्याला जे नाते मान्य, तेवढेच त्यात उतरते. म्हणून एकाच दप्तरावर विसंबू नये. मृत्युपत्राशेजारी निकाहाचा पुरावा ठेवावा, चर्चच्या वहीशेजारी घरातली पत्रे. कॅथरिन मोठी झाल्यावर, 1841 नंतर, तिचा आपल्या आजीशी, शरफुन्निसेशी, पत्रव्यवहार सुरू झाला. आजीची पत्रे फारसीत होती. सरकारी कागदांनी तोडलेले नाते त्या पत्रांनी पुन्हा जोडले.

आपल्याकडेही हेच करता येईल. जमिनीच्या कागदात आजी नसेल, तर निकाहनाम्यात पाहा, बक्षीसपत्रात पाहा, कबरीवरच्या दगडावर पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. तो दस्तऐवज पुन्हा मिळत नाही.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव लिहायचे ठरले आहे. शंभर वर्षांनी कोणी आपली वंशावळ शोधू लागला, तर त्याला आई पहिल्याच ओळीत भेटेल.