नव्या प्रोसेसरची ओळख आणि संगणकाची पटनोंदणी

आपल्या अनेक शाळांतून लोकवर्गणीने किंवा देणगीरूपाने मिळालेले जुने संगणक वापरात आहेत. असा संगणक मंदगती झाला की सबंध यंत्र बदलण्याऐवजी त्यातील प्रोसेसर तेवढा बदलून अधिक शक्तीचा बसवावा, असा सल्ला बहुधा दिला जातो, आणि तो पुष्कळ वेळा योग्यही असतो. परंतु प्रोसेसर बसविल्यावर संगणक सुरू होतो, चालतो, आणि तरीही पडद्यावर चार गाभ्यांऐवजी दोनच दिसतात, अथवा वेग कमी दाखविला जातो, असा अनुभव येतो. अशा वेळी विकत घेतलेली वस्तू सदोष आहे असे मानून ती परत करणे, किंवा कार्यप्रणाली पुसून नव्याने बसविणे, हे दोन्ही मार्ग घाईचे होत. दुसऱ्या मार्गात तर गुणपत्रके व विद्यार्थ्यांच्या नोंदी कायमच्या नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने शोधण्याची रीत येथे दिली आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्गात मूल हजर आहे, पण पटावर त्याचे नाव नाही, तर हजेरीत ते गैरहजरच ठरते. दोष मुलाचा नसून पटाचा असतो. संगणकातही अशी पटनोंदणी चालते. प्रोसेसरला विचारणा केली असता तो आपले नाव व गुण स्वतःच सांगतो. मात्र त्यातील किती गाभे कामास घ्यावयाचे, याची यादी मदरबोर्डावरील बायोस नावाची मूळ आज्ञावली तयार करते व ती विंडोजसारख्या कार्यप्रणालीच्या हाती देते. कार्यप्रणाली त्या यादीवर विसंबते आणि शिवाय स्वतःची मर्यादाही लावू शकते. नाव बरोबर पण संख्या चुकीची, असे दिसण्याचे कारण बहुधा या दोन ठिकाणी सापडते.

उदाहरणादाखल इंटेल कंपनीचे दोन प्रोसेसर घेऊ. कोअर टू ड्युओ ई ६३०० हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर २००६ साली आला. चार गाभ्यांचा कोअर टू क्वाड क्यू ६६०० हा २००७ च्या आरंभी आला. दोघांची खोबण एकच, तिचे नाव एलजीए ७७५. खोबण एक आहे म्हणून पहिला काढून दुसरा सहज बसतो. परंतु बसणे वेगळे आणि ओळखले जाणे वेगळे. ज्या मदरबोर्डाचा बायोस क्यू ६६०० बाजारात येण्यापूर्वीचा आहे, त्याला हा पाहुणा अनोळखीच असतो.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली पायरी : संगणक सुरू होताना दिसणारा बायोसचा पडदा पाहावा. तेथे प्रोसेसरचे नाव, गाभे व वेग काय दिले आहेत ते कागदावर लिहून घ्यावे. नंतर विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागातील गाभ्यांची संख्या त्याशेजारी लिहावी. प्रोसेसरच्या झाकणावर छापलेला क्रमांक तिसऱ्या रकान्यात लिहावा. या तीन नोंदी जेथे एकमेकींपासून भिन्न होतात, तेथेच दोष शोधावा.

दुसरी पायरी : बायोसमध्येच चूक दिसली तर कार्यप्रणालीला हात लावू नये. मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या यादीत आपला प्रोसेसर आहे काय, आणि त्यास बायोसची कोणती आवृत्ती लागते, हे पाहावे. यादीत नाव नसेल तर तो प्रोसेसर त्या बोर्डासाठी नाही, असे समजावे. नाव असून बायोस जुना असेल तर जुना प्रोसेसर पुन्हा बसवून आधी बायोस अद्ययावत करावा व मगच नवा बसवावा. हे काम चालू असता वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो; म्हणून यूपीएसची सोय असल्याखेरीज ते हाती घेऊ नये. काही बायोसमध्ये गाभ्यांची संख्या कमी करण्याची सोय असते, तीही पाहून घ्यावी.

तिसरी पायरी : बायोसमध्ये चार गाभे आणि विंडोजमध्ये दोनच, असे असेल तर मर्यादा विंडोजमध्ये आहे. एमएसकॉन्फिग ही सोय उघडून बूट या भागातील प्रगत पर्यायांत प्रोसेसरांच्या संख्येपुढे खूण केली आहे काय ते पाहावे. ही खूण केल्याने संगणक वेगवान होतो असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. खूण नसताना सर्व गाभे आपोआप वापरले जातात. पूर्वी कोणी तेथे दोन हा आकडा घातला असेल, तर नवा प्रोसेसर आल्यावरही तो तसाच राहतो. खूण काढून संगणक रीस्टार्ट करावा. विंडोजच्या घरगुती आवृत्तीमुळे गाभे कमी दिसतात, हाही गैरसमज होय. ती आवृत्ती खोबणींची संख्या एकावर मर्यादित करते, गाभ्यांची नव्हे.

चौथी पायरी : वेग कमी दिसत असल्यास गणित करून पाहावे. क्यू ६६०० चा मूळ ठोका सुमारे २६६ मेगाहर्ट्झ व गुणक ९. गुणाकार सुमारे २,४०० मेगाहर्ट्झ. बायोसमध्ये ठोका २०० वर अडकला असेल, तर २०० गुणिले ९, म्हणजे १,८०० च दिसतील. ही बायोसची चूक होय. परंतु काम नसताना वीज वाचविण्यासाठी प्रोसेसर स्वतःच गुणक ६ वर आणतो व वेग सुमारे १,६०० दिसतो. हा दोष नाही. एखादे जड काम चालू असताना वेग पाहून मगच निर्णय करावा.

आणखी दोन गोष्टी प्रोसेसर घेण्यापूर्वीच पाहाव्यात. ई ६३०० ची उष्णतेची मर्यादा ६५ वॉट, तर क्यू ६६०० च्या आरंभीच्या आवृत्तीची १०५ वॉट आहे. जुना पंखा व बोर्ड तेवढा भार सोसतील काय याची खात्री करावी. तसेच विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरना विंडोज ११ मान्यता देत नाही. ही अडचण कोणत्याही दुरुस्तीने सुटणारी नाही. अशा यंत्रावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसविणे, किंवा हा खर्चच न करणे, यांचा विचार आधी व्हावा.

विंडोज पुन्हा बसविणे हा शेवटचा उपाय समजावा, आणि तत्पूर्वी सर्व नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. तपासणीच्या तीन रकान्यांचा कागद जडवस्तू संग्रह नोंदवहीस जोडून ठेवावा. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास यंत्रात काय बदलले, केव्हा बदलले व काय तपासले, हे त्यावरून कळेल, आणि तीच शंका त्याला पुन्हा मुळापासून उकलत बसावी लागणार नाही.