तिकिटाआधीचं तिकीट

गेल्या वर्षी म्युनिकला लेकीकडे जायचं ठरलं. शेंगेन व्हिसाच्या कागदांत जाण्या-येण्याचं विमान आरक्षणही होतं. ही म्हणाली, "व्हिसाच मिळाला नाही, तर तिकिटाचे पैसे बुडाले की!" एजंटाने लगेच तोड काढली, "काका, हजार रुपयांत डमी तिकीट देतो. सगळेच लावतात."

कागद दिसायला झकास. पण बँकेत तीस वर्षं सह्या पडताळलेला माणूस मी. त्यावरचा सहा अक्षरांचा पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला. असं आरक्षणच नव्हतं!

कर्ज खात्यातले दिवस आठवले. यंत्रासाठी कर्ज मागणाऱ्याकडून आम्ही आधी कोटेशन घेत असू, बिल नव्हे. पण कोटेशन खोटं निघालं की फाईल बंद. वकिलातीलाही खरेदीची पावती नव्हे, आपला बेत पाहायचा असतो : कधी जाणार, कधी परतणार. बेत पुढे बदलेल. कागद मात्र खरा हवा. कागदपत्रांच्या खरेपणाविषयी रास्त शंका आली, तर शेंगेन नियमांनुसार व्हिसा नाकारला जातो. ९० युरो शुल्कही जातं.

शेवटी थोडं महाग, पण रद्द केल्यास ठरावीक कपात होऊन पैसे परत मिळतील, असं तिकीट काढलं. तारखा ३०,००० युरोंच्या विम्याशी आणि लेकीच्या पत्राशी जुळवल्या. अर्जाखाली सही आपली असते, एजंटाची नव्हे.

व्हिसा आला तेव्हा ही म्हणाली, "निवृत्त झालात, पण ऑडिट काही सुटलं नाही!"