विरघळणारे टाके

शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाला आप्तेष्ट विचारतात, “टाके केव्हा काढायचे?” आणि पुष्कळदा तो समाधानाने सांगतो, “काढायचे नाहीतच. ते विरघळणारे आहेत.” शब्द सोयीचा आहे, पण यथार्थ नाही. पाण्यात विरघळलेले मीठ पाणी आटवले की पुन्हा हाती येते. टाक्याचा धागा मात्र शरीरात मोडतो, आणि त्याचे हे मोडणे किती दिवसांत व्हावे, यावर जखमेचे भवितव्य अवलंबून असते.

पूर्वी या कामी कॅटगट वापरीत. मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यांपासून केलेला हा धागा शरीरातील एंझाइमे पचवून टाकीत. परंतु कोणाच्या शरीरात तो किती दिवस तग धरील, याचा नेम नसे. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा कृत्रिम धागा शस्त्रवैद्यांच्या हाती आला. त्याला मोडण्याचे काम मुख्यतः पाणीच करते, आणि पाणी तर प्रत्येक देहात आहे. त्यामुळे त्याचा कालावधी पुष्कळसा ठरावीक झाला.

अशा बहुवारिकाचा रेणू म्हणजे एकाच जातीच्या मण्यांची लांबलचक माळ. पाण्याचा रेणू दोन मण्यांमधला दुवा गाठून तो तोडतो. हजार मण्यांची माळ दहा ठिकाणी तुटली तरी एकही मणी हरवत नाही, वजनही तितकेच भरते. पण माळ म्हणून ती उरत नाही. धाग्याचेही तसेच. त्याचे बळ आधी जाते, काया मागाहून. पॉलिग्लायकॉलिक धाग्यात दोन आठवड्यांनी जेमतेम निम्मे बळ राहते, महिन्याभरात जवळजवळ काहीच नाही. धागा नाहीसा होण्यास मात्र दोनतीन महिने लागतात. लवकर भरून येणाऱ्या जखमेला एवढे पुरे. पोटाच्या भिंतीचे चिवट वेष्टन सांधताना मात्र ते पुरत नाही. धागा आधीच खचला तर शिवण उसवून तेथे हर्निया होण्याचे भय असते. तेथे पॉलिडायॉक्सॅनोनचा धागा घेतात. तो जाड असेल, तर सहा आठवड्यांनंतरही निम्म्याहून अधिक बळ राखतो.

हाडासाठी याहून दमदार द्रव्य हवे. १९६६ साली अमेरिकेत कुलकर्णी, पाणी, न्यूमन आणि लेनर्ड या संशोधकांनी शस्त्रक्रियेसाठी पॉलिलॅक्टिक आम्ल सुचविले. त्याचा मणी म्हणजे लॅक्टिक आम्ल: दह्याला आंबटपणा देणारे, दमलेल्या स्नायूतही निर्माण होणारे. शरीराला ते परके नाही. त्याचे अखेर पाणी आणि कार्बन डायॉक्साइड होते.

परंतु जाड खिळ्यात एक विलक्षण प्रकार घडतो. दुवे तुटले की आम्ल सुटते. पृष्ठभागावरचे आम्ल भोवतालच्या द्रवात निघून जाते. गाभ्यातले कोंडून राहते आणि उरलेल्या दुव्यांच्या तुटण्याला अधिकच वेग देते. वाळवी लागलेल्या खांबाप्रमाणे बाहेरून धड दिसणारा खिळा आतून पोकळ होत जातो. १९९० साली फ्रान्समधील मिशेल व्हेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखविले.

उलट बाजूचा अनुभव नेदरलँड्समध्ये आला. गालाच्या मोडलेल्या हाडासाठी दहा रोग्यांना स्फटिकमय पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पट्ट्या बसविल्या होत्या. हाडे उत्तम सांधली. तीन वर्षांनी मात्र चौघे जण गालावर सूज घेऊन परत आले. पट्टी मोडली होती, पण तिचे चिवट स्फटिककण तेथेच रेंगाळत होते आणि शरीराने त्यांच्याभोवती कोंडाळे केले होते. हा वृत्तांत १९९३ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून आता मण्यांची भेसळ करतात, आणि ही भेसळ गुणकारी आहे. लॅक्टिक व ग्लायकॉलिक मणी निम्मेनिम्मे मिसळले तर त्यांची नीट रांग लागत नाही, स्फटिक बनत नाहीत, पाणी सहज शिरते. असे द्रव्य एकदोन महिन्यांतच मोडते, म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही एकट्याहून लवकर. लॅक्टिकचे प्रमाण वाढवीत नेले, की मुदत लांबत जाते.