सात किल्ल्यांच्या मुलखात

हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट ठाऊक नाही असे मूल आपल्याकडेही विरळाच. उंदीर मारून घ्यायचे, ठरलेले पैसे बुडवायचे, आणि मग त्या रंगीबेरंगी झगेवाल्याने पुंगी फुंकून गावची पोरे डोंगरात गडप करायची! पण मौज अशी, की हॅमेलिनच्या जुन्या नोंदींत उंदीर नाहीतच. ते बिचारे सोळाव्या शतकात कथेत शिरले. मूळ हकिगत एवढीच, की २६ जून १२८४ रोजी १३० मुले गाव सोडून गेली. ग्रिम बंधूंनी १८१६ साली ही दंतकथा छापली तेव्हा, ही मुले एका गुहेत शिरून ट्रान्सिल्व्हानियात बाहेर पडली असे काहीजण म्हणतात, हेही नमूद केले.

पुंगीवाला जादूगार नव्हता, तो माणसे गोळा करणारा मुकादम होता, असे काही अभ्यासकांना वाटते. तसा पुरावा हाती नाही. पण तर्क अगदीच हवेतला नाही. बाराव्या ते चौदाव्या शतकांत जर्मन भाषा बोलणारी माणसे एल्ब नदी ओलांडून पूर्वेकडे सतत जात होती. घरी जमीन अपुरी पडत होती. पलीकडे पोलंड, बोहेमिया, हंगेरीच्या राजांकडे रान होते, दलदल होती, आणि ती कसायला माणूस नव्हता. तेव्हा राजा किंवा जमीनदार एखाद्या ‘लोकाटोर’ला गाठी. त्याने कुटुंबे जमवायची, जमीन मोजून द्यायची, गाव उभे करायचे. बदल्यात त्याला गावची पाटीलकी आणि थोडी जमीन. नव्या रयतेला पहिली काही वर्षे सारा माफ! आपल्याकडे उजाड गाव वसवायचे झाले की कौल देत आणि सारा वर्षावर्षाने चढत नेणारा इस्तावा ठरवून देत, त्याचीच ही परदेशी भावंडे म्हणा ना.

सर्वांत दूर गेले ते ट्रान्सिल्व्हानियाचे ‘सॅक्सन’. हंगेरीचा राजा दुसरा गेझा (राज्यकाल ११४१ ते ११६२) याने त्यांना बोलावून घेतले. म्हणजे पुंगीवाल्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीच ही मंडळी तिकडे पोचली होती. आणि नावाने सॅक्सन असली, तरी त्यांतली बहुतेक सॅक्सनीची नव्हतीच; ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या काठची, लक्झेंबर्गच्या बाजूची होती. हंगेरीच्या दरबारी कारकुनांनी पश्चिमेकडून आलेल्या साऱ्यांना सरसकट ‘सॅक्सन’ लिहून टाकले आणि ते नाव आठशे वर्षे चिकटले. बोलीने मात्र इमान सोडले नाही. त्यांची घरगुती भाषा आजही लक्झेंबर्गच्या भाषेची सख्खी नातलग वाटते.

१२२४ साली राजा दुसरा आंद्रे याने त्यांना सनद दिली. सनद कसली, चोख सौदाच तो! दरसाल ५०० मार्क चांदी भरायची. राज्याच्या आत लढाई असेल तर ५०० शिपाई, राजा स्वतः बाहेर स्वारीवर निघाला तर १००. इतके केले, की न्यायाधीश तुमचे, धर्मगुरू तुम्ही निवडायचा, आणि तुमच्या व्यापाऱ्यांना जकात नाही. युरोपातला बहुतेक शेतकरी सरंजामदारापुढे वाकून चालत होता तेव्हा हे लोक थेट राजाची रयत होते. याच सनदेत व्लाख, म्हणजे आजच्या रुमानियनांचे पूर्वज, आणि पेचेनेग यांचे रान व पाणी सॅक्सनांनी त्यांच्यासह वापरावे असे कलम आहे. मुलूख सगळाच काही ओसाड नव्हता, हे त्या एका कलमाने सांगून टाकले आहे.

सतरा वर्षांत मंगोल आले. १२४१-४२च्या त्या धाडीत मुलूख होरपळून निघाला. पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. शहरांनी तट बांधले: हर्मानस्टाट, क्रोनस्टाट, शेसबुर्ग. आज नकाशावर त्यांची नावे सिबिऊ, ब्राशोव्ह, सिगिशोआरा अशी दिसतील. जर्मनांनी साऱ्या प्रांतालाच नाव दिले झीबेनब्युर्गेन, म्हणजे सात किल्ले. पण खेड्यांनी काय करावे? गावाला तट बांधण्याइतका पैसा नाही. मग त्यांनी गावातले चर्चच किल्ला करून टाकले.

टार्टलाऊ (आजचे प्रेज्मेर) येथील चर्च पाहिले की या लोकांचा स्वभाव कळतो. भोवती प्रचंड जाडीचा वर्तुळाकार तट, आणि आतल्या अंगाला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या अडीचशेहून अधिक खोल्या, मजल्यावर मजले, लाकडी जिन्यांनी जोडलेल्या. दर खोलीला क्रमांक, दर कुटुंबाची खोली ठरलेली. वेढा पडला की बिऱ्हाड हलवायचे. आत मुलांच्या शाळेलाही जागा होती! बाहेर शत्रू आणि आत पाढे. काही गावी चर्चच्या एका बुरुजात घरोघरचे खारवलेले डुकराचे मांस टांगलेले असे आणि ते ठरल्या दिवशीच मिळे. शाकाहारी वाचकांनी नाक मुरडले तरी व्यवस्था वाखाणण्याजोगी होती. बिर्टहेल्मच्या चर्चमधल्या कोठीच्या दाराला तर एका किल्लीने एकदम अनेक अडसर सरकवणारे असे कुलूप आहे, की १९०० साली ते पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडले गेले.

पण तटापेक्षाही पक्की होती ती त्यांची शेजारसंस्था. एका आळीतली घरे मिळून एक ‘शेजार’. त्याला एक निवडलेला ‘शेजारबाप’. आणि कागदपत्रे व पैसे ठेवायला एक पेटी. निरोप द्यायचा तर कोरीव लाकडी खूण या घरून त्या घरी फिरे. विहीर उपसणे, घर उभारणे, मयताला खांदा देणे, सगळे शेजाराचे काम. चुकारांना दंड. आणि वर्षातून एकदा सर्वांनी जमून वर्षभराची भांडणे मिटवायची. आपल्या वाड्यांतून अशी एखादी पेटी असती तर किती नळावरची युद्धे टळली असती!

या शिस्तीची दुसरी बाजू मात्र झाकून ठेवता येत नाही. १४३८ साली हंगेरियन सरदार, सेकलर आणि सॅक्सन यांनी आपसांत करार केला आणि ट्रान्सिल्व्हानियाचे राजकारण या तीन ‘राष्ट्रां’त वाटून घेतले. रुमानियन बहुजन त्यात कुठेच नव्हते. सॅक्सनांच्या शहरांत त्यांना घर विकत घेता येत नसे; १७८१ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने ती बंदी उठवली तेव्हा सॅक्सनांनी मोठाच आक्रोश केला. स्वतः परका म्हणून आलेला माणूस दाराची कडी किती घट्ट लावतो!

हिशेब विसाव्या शतकात चुकता झाला, आणि चुकवला तो बहुतेक निरपराधांनी. या समाजाचे पुढारी हिटलरच्या नादी लागले, पुष्कळ तरुण जर्मन फौजेत गेले. जानेवारी १९४५मध्ये सोव्हिएत हुकुमावरून १७ ते ४५ वयाचे पुरुष आणि १८ ते ३० वयाच्या बायका घरांतून उचलून सोव्हिएत खाणींत मजुरीला पाठवल्या गेल्या. सॅक्सन सुमारे तीस हजार होते. हर्मानस्टाटचा ऑस्कर पास्टिओर त्यांत होता, वय १७. पाच वर्षांनी तो परतला आणि मोठा कवी झाला. त्याने सांगितलेल्या आठवणींवर हेर्टा म्यूलर यांनी २००९ साली कादंबरी लिहिली.

मागे राहिलेल्यांना पुढे चाउशेस्कूने चक्क विकले. पश्चिम जर्मनीने डोईमागे हजारो मार्क मोजायचे आणि रुमानियाने माणूस सोडायचा. १९८९पर्यंत अशी दोन लाखांवर जर्मन माणसे देशाबाहेर गेली. आठशे वर्षांपूर्वी राजाने सवलती देऊन माणसे आणली, आता राज्यकर्ता पैसे घेऊन ती धाडत होता. १९९०मध्ये सीमा खुल्या झाल्या तशी उरलेली गावेच्या गावे उठली. रुमानियाच्या २०२१च्या जनगणनेत साऱ्या देशात मिळून जेमतेम तेवीस हजार जर्मन भरले. नवल असे, की याच मूठभर लोकांतले सिबिऊचे क्लाउस योहानिस २०१४ साली, रुमानियनांच्या मतांनी, देशाचे अध्यक्ष निवडून आले आणि २०२५पर्यंत त्या पदावर होते.

बिर्टहेल्म आणि टार्टलाऊची चर्चे आता युनेस्कोच्या यादीत आहेत. उन्हाळ्यात जर्मनीहून काही कुटुंबे येतात, आजोबांचे घर उघडतात, थडग्यांवरचे गवत काढतात आणि थंडी पडण्याआधी कुलूप लावून जातात. त्यांना तिथे ‘उन्हाळी सॅक्सन’ म्हणतात. आणि दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला बव्हेरियातल्या डिंकेल्सब्युल या छोट्या गावी ते हजारोंनी जमतात. पोशाख जुने, बोली जुनी, आणि प्रत्येक तुकडीपुढे फलक असतो तो रुमानियात मागे राहिलेल्या आपापल्या गावाच्या नावाचा.