हंगेरियन आणि पोलिश: प्रत्ययांच्या दोन तऱ्हा

हंगेरियन ही युरालिक कुळातली, पोलिश स्लाव्हिक शाखेची, म्हणजे मराठीप्रमाणेच इंडो-युरोपीय कुळातली. दोन्ही भाषा प्रत्यय लावून भराभर नवे शब्द घडवतात, पण त्यांची रीत अगदी निराळी आहे.

हंगेरियनमध्ये मूळ शब्द सहसा शाबूत राहतो आणि प्रत्यय एकामागून एक जोडले जातात. ‘बॉरात’ म्हणजे मित्र. ‘शाग’ जोडला की ‘बॉरातशाग’, मैत्री. त्यापुढे अभाव दाखवणारा ‘तॉलॉन’ आला की ‘बॉरातशागतॉलॉन’, स्नेहशून्य. त्यालाच पुन्हा ‘शाग’ लावा, स्नेहशून्यता तयार! चार तुकडे आणि प्रत्येकाचा अर्थ स्वच्छ. मला ही रचना फार देखणी वाटते. मात्र इथे स्वरांचा मेळ पाळावाच लागतो. ‘सेप’ म्हणजे सुंदर; त्यातला स्वर जिभेच्या पुढच्या भागाचा, म्हणून सौंदर्य ‘सेपशाग’ नव्हे, ‘सेपशेग’ होते.

पोलिशमध्ये उलट मूळ शब्दच अनेकदा बदलतो. ‘रेंका’ म्हणजे हात. लघुत्वाचा ‘का’ लागताच ‘क’चा ‘च’ होऊन ‘रोंच्का’, इवलासा हात. त्यातला स्वरही पालटला, हे लक्षात घ्या. लाडाचे प्रत्यय तर एकावर एक चढतात: ‘कोत’ मांजर, ‘कोतेक’ छोटे मांजर, ‘कोतेचेक’ त्याहून लाडके. ‘प्येकाश’ पाव भाजणारा, ‘प्येकार्न्या’ त्याची बेकरी.

शिकणाऱ्याने हंगेरियनमध्ये आधी मूळ शब्दातला स्वर पाहावा, पोलिशमध्ये शेवटचे व्यंजन.