ऑइल प्रेशरचा काटा खाली आला तर

ऊसवाहतुकीच्या हंगामात मधल्या वाटेवर ट्रॅक्टर बंद करणं ड्रायव्हरच्या जिवावर येतं. मागे दोन ट्रॉल्या भरलेल्या, गव्हाणीवर नंबर लागायचा, टोळी फडात थांबलेली. अशा वेळी ऑइलचा लाल दिवा लुकलुकला किंवा प्रेशरचा काटा खाली झुकला, की पहिला विचार येतो तो ‘कारखान्यापर्यंत तर जाऊ दे’ हाच. प्रवरानगरच्या कारखान्याचं पहिलं गाळप १९५०-५१ च्या हंगामात झालं. तेव्हापासून आजवर अहिल्यानगर जिल्ह्यातली ऊसवाहतूक बैलगाडीवरून डिझेल इंजिनावर आली, पण त्या इंजिनातल्या तेलाच्या दाबाबद्दल जे ऐकू येतं त्यातलं निम्मं तरी चुकीचं आहे. त्यापायी चांगली इंजिनं विनाकारण खोलली जातात आणि बिघडलेली इंजिनं क्रँक धरेपर्यंत पळवली जातात. दोन्हींचा भुर्दंड शेतकऱ्यालाच.

मुळातला गैरसमज असा, की ऑइल पंप दाब तयार करतो, म्हणून दाब कमी म्हणजे पंप गेला. पंप फक्त तेल ढकलतो. प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल, एवढंच त्याचं काम. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे: फिल्टर, ब्लॉकमधल्या वाटा आणि शेवटी क्रँक व बेअरिंग यांच्यामधली केसाएवढी फट. ठिबक वापरणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मोटर उत्तम चालू आहे, पाणीही भरपूर येतंय, पण शेताच्या टोकाला सबमेन फुटली की फिल्टरजवळच्या मीटरचा काटा पडतो. तेव्हा आपण मोटर उचकटत नाही, फुटलेली जागा शोधतो.

इंजिनात ती जागा बहुधा बेअरिंग असते. नव्या बेअरिंगमधली फट साधारण पाच ते दहा शतांश मिलिमीटर. या फटीतून बाहेर पडणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे झिजून फट दुप्पट झाली आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर तेल सुमारे आठपट वेगाने निसटतं. जास्त आरपीएमवर पंप ही गळती कशीबशी भरून काढतो, स्लोवर त्याला ते जमत नाही. म्हणून झिजलेल्या इंजिनाची पहिली खूण दिसते ती गरम इंजिन स्लोवर सोडल्यावर. पंपही झिजतो, त्याचे गिअर आणि झाकण ओरखडतात, पण तो सतत तेलात बुडालेला असल्यामुळे सहसा सगळ्यांत आधी जात नाही. बेअरिंग न मोजता नुसता पंप बदलला, की काटा थोडा वर येतो, खर्च होतो आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

दाबाचा आकडा एकटा वाचायचा नसतो. सोबत आरपीएम आणि तेलाची उष्णता लागते. मिस्त्री ज्याला ‘एक किलो’ म्हणतात तो चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा दाब, म्हणजे सुमारे १४ पीएसआय. गार इंजिनावर चार-पाच किलो दिसणं आणि तेच इंजिन तापल्यावर स्लोवर एक किलोवर येणं, यात बिघाड काहीच नाही. १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांवर जितकं घट्ट असतं, त्याच्या सातव्या-आठव्या भागाइतकंच ते १०० अंशांवर उरतं. दर हजार आरपीएमला साधारण ०.७ किलो, असा एक ढोबळ ठोकताळा वापरला जातो. तो अंदाजापुरता बरा. खरा आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातला. ‘सकाळी चार किलो होतं, दुपारी दीड झालं’ एवढ्यावर इंजिन खोलायला काढणं चूक आहे. दुपारच्या दीडची तुलना मागच्या हंगामातल्या दुपारच्या आकड्याशी करायला हवी, आणि त्यासाठी तो कुठेतरी लिहून ठेवलेला हवा.

‘दिवा विझलेला आहे म्हणजे सगळं ठीक’ हा मला सर्वांत घातक गैरसमज वाटतो. दिव्याचा स्विच बहुतेक इंजिनांत अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी दाबाला लागतो. भरल्या ट्रॉलीनिशी दोन हजार आरपीएमवर दाब पाऊण किलोवर आला असेल, तरी दिवा विझलेलाच राहील आणि बेअरिंग मात्र घासत असतील. दिवा ही शेवटची सूचना आहे, पहिली नव्हे. त्यातही बल्ब उडालेला असला तर तीही मिळत नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, दिवा लागलाच पाहिजे. रोज दिसणारी ही तपासणी फुकट आहे, तरी तिच्याकडे कोणी बघत नाही.

याच्या उलटं टोक म्हणजे ‘सेन्सर खराब आहे, वायर काढून टाक’. सेन्सर खरोखर खराब होतो, वायर घासून बॉडीला लागते, हेही वारंवार घडतं. पण साध्या एका वायरीच्या स्विचची वायर काढली की दिवा विझणारच, दाब असो वा नसो. त्यातून सेन्सर दोषी ठरत नाही. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर मात्र वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे हे पक्कं. विझला, तर प्रश्न तसाच शिल्लक: सेन्सर की इंजिन?

त्याचं उत्तर देणारं एकच साधन आहे, दुसरं मीटर. सेन्सर काढून त्याच्या भोकात योग्य आट्याचा अ‍ॅडॉप्टर आणि शून्य ते दहा किलोचं साधं यांत्रिक मीटर लावायचं. नळी तेलाला आणि उष्णतेला टिकणारी हवी, सायलेन्सरपासून लांब बांधलेली हवी. मग इंजिन नीट तापवायचं. इथे बरेच जण चुकतात. पाण्याचा काटा जागेवर आला की तेलही तापलं असं ते धरतात. तेल पाण्यापेक्षा सावकाश तापतं, त्याला लोडवर वीस मिनिटं-अर्धा तास लागू शकतो. त्यानंतर स्लोवर आणि पूर्ण आरपीएमवर असे दोन आकडे घ्यायचे. मीटर लावण्याआधी इंजिनाच्या कामाचा अंदाज देणाऱ्याला मी तरी माझं इंजिन खोलू देणार नाही. अर्थात हे मीटर लावेपर्यंत इंजिन बंदच ठेवायचं. चालू गाडीत काटा अचानक पडला, तर इंजिन लगेच बंद करायचं. कोरडं बेअरिंग काही मिनिटांतच जळून क्रँकला चिकटू शकतं.

‘डिपस्टिकवर ऑइल भरपूर आहे, उलट थोडं वाढलंच आहे.’ हे वाक्य समाधानाने बोललं जातं, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा येतो. इंजिनात तेल आपोआप वाढत नाही. ते वाढलं असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. डिझेल येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत: फीड पंपाचा फाटलेला डायाफ्राम, इंजेक्शन पंपाचं गेलेलं सील, किंवा नीट फवारा न मारता थेंब गाळणारा नोझल. त्याचं न जळलेलं डिझेल लायनरवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. असं पातळ झालेलं तेल डिपस्टिकवर उत्तम दिसतं आणि दाब मात्र पडतो. डिपस्टिकचा वास घ्या. तेलाचा एक थेंब कागदावर सोडून काही वेळ थांबा. काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरलं तर डिझेलचा संशय धरा. दुधाळ तेल असेल तर पाणी, म्हणजे बहुधा लायनरचे रबर रिंग किंवा हेड गॅस्केट. दोन्ही बाबतींत कारण दुरुस्त न करता नुसतं तेल बदलणं म्हणजे नवं तेल वाया घालवणं. शिवाय पातळी फार वाढली तर क्रँक तेलात आपटून फेस करते. पंप तो फेस ओढतो आणि काटा थरथरू लागतो. म्हणून ‘जरा जास्तच टाक, सुरक्षित राहील’ हेही खरं नाही.

तेल काळं पडणं मात्र घाबरण्यासारखं नाही. डिझेल इंजिनात बदललेलं तेल थोड्याच तासांत काळं होतं, कारण काजळी तरंगत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून दाबाचं निदान होत नाही.

आता जाड तेलाची गोष्ट. ‘पन्नास नंबर टाक, काटा वर येतो.’ येतो, खोटं नाही. घट्ट तेल फटीतून सावकाश निसटतं, म्हणून मीटरवरचा आकडा वाढतो. पण बेअरिंगला थंड ठेवतं ते वाहणारं तेल, मीटरवरचा आकडा नव्हे. डिसेंबरच्या पहाटे गार इंजिनात हेच तेल उशिरा पोहोचतं. फिल्टरमधून जायला त्याला जड जातं, मग फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट आत शिरतं. १५डब्ल्यू-४० आणि नुसतं ४० नंबर, दोन्ही १०० अंशांवर एकाच घट्टपणाच्या पट्ट्यात बसतात. फरक पडतो तो थंडीत. पुस्तकात उन्हाळ्यासाठी घट्ट तेलाला परवानगी असेल तर जरूर वापरा, पण झिजलेल्या इंजिनाचा काटा सजवण्यासाठी नको. ट्रॅक्टर विकण्याआधी असं तेल भरलं जातं, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं आणि इंजिन अर्धा तास लोडवर चालवूनच काटा बघावा.

याचंच भावंड म्हणजे रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगमागे वायसर टाकणं. हा व्हॉल्व दाब फार वाढला तर जादा तेल चेंबरमध्ये सोडतो. गरम इंजिनात स्लोवर दाब आधीच कमी असतो, म्हणजे व्हॉल्व बंदच असतो. बंद दाराला आणखी घट्ट दाबून काय मिळणार? फक्त गार इंजिनात दाब नको तितका वाढेल, फिल्टरवर ताण येईल. कचऱ्याने व्हॉल्व उघडा अडकला असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल, तर तो साफ करणं, बदलणं हाच उपाय. त्या वेळी चेंबर उतरवून सक्शनची जाळीही बघावी. मागच्या कामात गॅस्केटला हात सैल सोडून लावलेलं सिलिकॉन तुटून जाळीवर बसतं, आणि चांगला पंप उपाशी राहतो.

जिल्ह्याच्या कडेला पाण्यावरही हीच इंजिनं भेटतात. शेवगाव-नेवाशाकडे नाथसागराचा फुगवटा आहे, कर्जतच्या दक्षिणेला उजनीचा. बोटीत इंजिन बसवलेलं असेल तर दोन गोष्टी जमिनीपेक्षा वेगळ्या. एक, इंजिन मागच्या बाजूला उतरतं बसवलेलं असतं, त्यामुळे डिपस्टिकची खूण त्या कोनात तपासून ठरवावी लागते. पातळी कमी असेल तर लाटेवर बोट डोलताना जाळी उघडी पडते आणि काटा क्षणभर पडून पुन्हा उठतो. दोन, थंड करणारं पाणी धरणातूनच ओढलं जातं. पाण्याच्या तोंडावर शेवाळ किंवा जलपर्णी अडकली की इंजिन तापतं, तेल पातळ होतं आणि दाब पडतो. तिथे ऑइल पंपाकडे बघण्याआधी बोटीबाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बघायची. दुष्काळात विहिरींवर धडधडणारी जुनी संथ लिस्टर धाटणीची इंजिनं मात्र या चर्चेबाहेरची. त्यांत तेल डिपरने उडवलं जातं, तिथे दाबाचं मीटर शोधण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या मीटरनेही दाब कमीच दाखवला, तेल नवं आणि योग्य नंबरचं, फिल्टर चांगला, व्हॉल्व आणि जाळी साफ, एवढं झाल्यावरच बेअरिंग कॅप उघडायची वेळ येते. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उघडून बघा. तांबूस किंवा चंदेरी चमक भरपूर दिसली तर कॅप उघडण्याआधीच उत्तर मिळालेलं असतं. बेअरिंग बदलताना क्रँकही मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. घासलेल्या क्रँकवर नवे शेल बसवले तर फट जवळपास तेवढीच राहते. काम झाल्यावर नवा फिल्टर, उभा बसत असेल तर, तेलाने भरून लावायचा, स्टॉप ओढून डिझेल बंद ठेवायचं आणि स्टार्टरने इंजिन थोडं थोडं, मध्ये विश्रांती देत फिरवायचं. यांत्रिक मीटर अजून जागेवरच असेल. त्याचा काटा हलला, की मगच स्टॉप आत ढकलून इंजिन चालू करायचं.