पाकिटावरची लेबले: आधी एक नीट करा, मग पाने वाढवा



भाताची झोडणी झाली, गिरणीतून तांदूळ घरी आला, की मावळात आणि खेडच्या पश्चिम भागात घरोघर एकच विचार सुरू होतो. तांदूळ पोत्याने व्यापाऱ्याला घालायचा, की किलो-किलोची पाकिटे करून आपणच विकायचा? इंद्रायणी हा तर आपल्याच मातीतला वाण. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने तो काढला आणि १९८७ साली प्रसारित झाला. मोशी, चिखली, वाकड, रावेत येथील सोसायट्यांत त्याला गिऱ्हाईक आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शेतकरी गटांनी भाजीपाला व धान्य थेट सोसायटीच्या दारात नेले. तेव्हा पुष्कळांना ही वाट सापडली.

पण पाकीट आले की लेबल आले. तुमच्या घरातला एखादा मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असेल, तर त्याला विचारा. सुट्या भागांचा खोका कितीही चांगला असो, त्यावर लेबल नसेल किंवा चुकीचे असेल, तर तो खोका पुढे जात नाही. पाकिटाचेही तसेच आहे. गिऱ्हाईक तांदूळ शिजवून बघण्याआधी लेबल वाचते.

माझ्या हातून झालेली चूक

मागच्या एका हंगामात आमच्या भागातील एका गटाला मी २०० पाकिटांची लेबले करून दिली. घाई होती. आदल्या वर्षीची फाईल संगणकावर होती, तीच उघडली. एका पानावर ८ लेबले. पहिल्या लेबलावर पॅकिंगची तारीख बदलली आणि त्या पानाच्या २५ प्रती काढल्या. पहिले बदलले की बाकीची आपोआप बदलतील, असा माझा समज. तो खोटा ठरला. प्रत्येक पानावर एक लेबल नवे आणि सात जुनी. म्हणजे २०० पैकी १७५ पाकिटांवर आदल्या वर्षाची तारीख गेली.

तांदूळ नवा होता, पण लेबल त्याला जुना म्हणत होते. सोसायटीतल्या बायकांनी पाकिटे परत केली. त्यांचे काही चुकले नाही. जुन्या लेबलावर नवी चिठ्ठी चिकटवून तारीख बदलणे नियमात बसत नाही. त्यामुळे सगळी पाकिटे फोडली, नव्या पिशव्या आणल्या आणि गटातल्या बायाबापड्यांनी दोन दिवस बसून माल पुन्हा भरला. तेव्हापासून मी एक गोष्ट सांगत असतो. बियाण्यात खोट असली तर ती साऱ्या वावरात उगवते. पहिल्या लेबलातली चूक तशीच प्रत्येक पानावर उगवते.

लेबलावर काय हवे?

संगणकापुढे बसण्याआधी मजकूर वहीत लिहून काढा. पाकीटबंद तांदळासाठी पुढील गोष्टी लागतात:

१. मालाचे नाव, उदाहरणार्थ इंद्रायणी तांदूळ.
२. पॅकिंग करणाऱ्याचे किंवा गटाचे नाव व पूर्ण पत्ता.
३. निव्वळ वजन.
४. पॅकिंगची तारीख आणि कधीपर्यंत वापरावे ते.
५. लॉट नंबर.
६. कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. पाकीट एक किलोपेक्षा मोठे असेल तर दर किलोचा भावही.
७. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक व त्याचे चिन्ह.
८. शाकाहारी मालाची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका.
९. तक्रारीसाठी फोन नंबर.

दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली, नुसत्या मराठीतले लेबल चालत नाही. नियमाने लागणारा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा लागतो. सोबत मराठी जरूर लिहा. दुसरी, हिरवा ठिपका हिरवाच हवा. काळ्या शाईच्या छपाईत तो काळा येईल. म्हणून रंगीत छपाई करा, किंवा कायमचा मजकूर आणि खुणा पिशवीवरच छापून घ्या व लेबलावर तारीख, लॉट आणि किंमत एवढेच ठेवा.

पहिले लेबल कसे बनवावे?

बाजारात ए-४ आकाराची स्टिकर शीट मिळते. हा कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. त्यावर ८, १२, २४ अशी लेबले आधीच कापलेली असतात. एक किलोच्या पाकिटाला ८ लेबलांची शीट सोयीची पडते, कारण एक लेबल साधारण ९९ मिलिमीटर रुंद व ६८ मिलिमीटर उंच असते आणि सगळा मजकूर त्यात बसतो.

संगणकावर वर्ड हा लिहिण्याचा प्रोग्राम असेल तर 'मेलिंग्ज' मध्ये जा, 'लेबल्स' दाबा, मग 'ऑप्शन्स'. तिथे तुमच्या शीटचे नाव सापडले तर उत्तम. नाही सापडले तर 'न्यू लेबल' दाबून मापे स्वतः भरा. वरची मोकळी जागा, डावीकडची मोकळी जागा, लेबलाची उंची, रुंदी, आडवी किती, उभी किती, हे सर्व पट्टीने मोजून लिहा.

यात 'पिच' नावाची दोन मापे असतात. तिथे बरेच जण चुकतात. पिच म्हणजे एका लेबलाच्या कडेपासून पुढच्या लेबलाच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर. भाताच्या दोन ओळींतले अंतर आपण मोजतो, तसेच हे. यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चौथ्या ओळीपर्यंत ती ३ मिलिमीटर होते. २४ लेबलांच्या शीटवर आठव्या ओळीला ७ मिलिमीटर होते आणि मजकूर खालच्या लेबलावर उतरतो.

अक्षरे युनिकोडमधील घ्या, जसे मंगल किंवा निर्मला. जुन्या पद्धतीचे फॉन्ट घरच्या संगणकावर छान दिसतात, पण ते फॉन्ट झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर नसतील तर तिथे भलतीच अक्षरे उमटतात.

पाने कशी वाढवावीत?

इथे आधी ठरवा: सगळी लेबले सारखी आहेत, की वेगवेगळी?

सगळी सारखी असतील, तर जास्त पाने बनवूच नका. 'लेबल्स' मध्ये मजकूर लिहा, 'फुल पेज ऑफ द सेम लेबल' निवडा आणि 'न्यू डॉक्युमेंट' दाबा. एक पान भरून तयार होते. २०० लेबले हवीत आणि पानावर ८ बसतात, म्हणजे त्याच पानाच्या २५ प्रती छापा. मात्र एकदा पान तयार झाले की त्यातले प्रत्येक लेबल स्वतंत्र होते. पहिले बदलले तरी दुसरे बदलत नाही. माझी चूक झाली ती इथेच. तारीख बदलायची असेल तर जुने पान दुरुस्त करत बसू नका, पुन्हा 'लेबल्स' पासून नवे पान करा.

लिब्रे ऑफिस हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात 'फाईल', 'न्यू', 'लेबल्स' असे जावे. तिथे 'सिंक्रोनाइझ कंटेंट्स' वर खूण करून पान बनवले, तर पहिले लेबल बदलून 'सिंक्रोनाइझ लेबल्स' चे बटण दाबता येते. बाकीची सगळी त्याप्रमाणे बदलतात. बटण दाबायला मात्र विसरू नका.

लेबले वेगवेगळी असतील, तर 'मेल मर्ज' ही रीत वापरा. समजा गटात चार शेतकरी आहेत. त्यांची पाकिटे ३७, ५२, ४६ आणि ६५, एकूण २००. प्रत्येकाचा लॉट वेगळा. चौघांची वेगवेगळी पाने छापली तर २७ शीट लागतात आणि १६ लेबले उरतात. ही उरलेली लेबले मग दुसऱ्याच्या पाकिटावर जातात आणि तक्रार आली की माल कोणाचा ते कळत नाही. मेल मर्जने २५ शीटमध्ये नेमकी २०० लेबले निघतात. ती अशी करावीत:

१. एक्सेलमध्ये तक्ता करा. पहिल्या ओळीत मथळे लिहा: शेतकरी, लॉट, तारीख, किंमत. त्याखाली एका लेबलाला एक ओळ, म्हणजे २०० ओळी. पहिल्या शेतकऱ्याची ओळ ३७ वेळा, दुसऱ्याची ५२ वेळा, याप्रमाणे.
२. वर्डमध्ये 'मेलिंग्ज', 'स्टार्ट मेल मर्ज', 'लेबल्स' निवडून शीटची मापे द्या.
३. 'सिलेक्ट रेसिपियंट्स' मधून हा तक्ता जोडा.
४. फक्त पहिल्या लेबलात कायमचा मजकूर लिहा आणि 'इन्सर्ट मर्ज फील्ड' ने बदलत्या जागा भरा.
५. 'अपडेट लेबल्स' दाबा. पहिल्याचा मजकूर बाकीच्या सात लेबलांत जातो.
६. 'फिनिश अँड मर्ज' मध्ये 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' निवडून 'ऑल' म्हणा. २५ पाने तयार होतात.

चूक कुठे झाली हे पानांवरून ओळखता येते. पहिल्या लेबलावर मजकूर आणि बाकीची सात कोरी आली, तर पाचवी पायरी राहिली. २५ ऐवजी २०० पाने झाली आणि पानभर एकच लॉट दिसतो, तर दुसऱ्या लेबलापासून पुढे असणारे 'नेक्स्ट रेकॉर्ड' हे शब्द कोणीतरी पुसले आहेत. ते तसेच राहू द्यावेत, कागदावर ते छापले जात नाहीत.

तक्त्यातही दोन खोड्या आहेत. तारीख कधीकधी महिना आधी आणि दिवस नंतर अशी उलटी उमटते. म्हणून एक्सेलमध्ये तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, मग तारीख लिहा. आणि १४ अंकी नोंदणी क्रमांक तक्त्यात टाकू नका. एक्सेल मोठा आकडा आखडून भलताच दाखवते. हा क्रमांक सगळ्या गटाला एकच असतो, तो कायमच्या मजकुरातच लिहा.

छापताना घ्यायची काळजी

पहिले पान नेहमी साध्या कागदावर छापा. तो कागद स्टिकर शीटवर ठेवून उजेडात धरा. अक्षरे चौकटीत बसतात का बघा. सगळा मजकूर सारखाच सरकला असेल तर मोकळ्या जागेचे माप चुकले. खाली जावे तसा जास्त सरकत असेल तर पिच चुकली. आणि सगळे थोडे लहान दिसत असेल तर छपाईत 'फिट टू पेज' लागले आहे, तिथे 'ॲक्च्युअल साइज', म्हणजे १०० टक्के करा. झेरॉक्सच्या दुकानात जाताना फाईल पीडीएफ करून न्या, म्हणजे तिथे काही हलणार नाही.

काही लेबले काढून घेतलेली अर्धी शीट लेसर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नये. आत उष्णता असते, गोंद सुटतो आणि यंत्राला चिकटतो. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. पाकिटे दमट जागी राहणार असतील तर लेसरची छपाई बरी. एक-दोन शीट जादा आणून ठेवा.

छापण्याआधी एवढे कराच

पानावरचे पहिले, मधले आणि शेवटचे लेबल मोठ्याने वाचा. नंतर शेवटच्या पानावरचे शेवटचे लेबल वाचा. ते स्वतः वाचू नका, दुसऱ्याला वाचायला द्या. ज्याने लिहिले त्याला स्वतःची चूक दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तारीख, वजन, किंमत आणि लॉट या चार गोष्टी वहीशी ताडून पाहा आणि मगच स्टिकर शीट प्रिंटरमध्ये घाला.

हे काम घरातल्या शिकलेल्या मुलामुलींवर सोपवा, पण शेजारी बसून बघा. कारण लेबलावर नाव तुमचे आहे. पोत्यातला तांदूळ व्यापाऱ्याच्या नावाने जातो, पाकिटातला तुमच्या गावाच्या नावाने. नियमांबद्दल शंका असल्यास आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जरूर या. येताना लेबलाचा एक छापील नमुना सोबत आणा.